दिगंबरनं अर्ज मागे का घेतला

आमच्या गावात ज्याला 'विकला गेलेला माणूस' म्हणत, तो आज सकाळी गेला.

दिगंबर. माझा शेजारी. वयानं माझ्याहून बराच लहान, तरी नंबर त्याचा आधी लागला.

आत्ताच स्मशानातून आलो. आंघोळ केली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मोबाइल घेऊन बसलोय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

अहमदपूर तालुक्यातलं आमचं गाव लहानसं. मी इथला रिटायर मराठीचा मास्तर. दिगंबरला हौस एकच, सरपंच व्हायची. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीची पोरं शाळेला मुकायची, ते त्याला बघवत नसे.

"गुर्जी, एकदा मला त्या खुर्चीत बसू द्या. ओढ्यावर पूल न्हाई बांधला तर मिशी उतरवीन."

"मिशी आहे कुठं तुला?"

"ठिवतो की मंग!"

आणि त्या वर्षी सरपंचपद खुलं सुटलं. गाव त्याच्या बाजूनं होतं.

अडचण एकच. मुक्ता.

दोन मुलगे मोठे झाल्यावर, ध्यानीमनी नसताना झालेली लेक. आणि कायदा असा, की तो लागू झाल्यावर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही.

तोड काढली मेहुण्यानं, ज्ञानोबानं. तो इस्लापूरचा. मुक्ता तिथंच, आजोळी जन्मलेली. "दाजी, निवडणुकीपुरती पोरगी माझी म्हणा. आमाला न्हाई तरी लेकरू न्हाई. कोण बघायला येतंय?"

मग तिला शिकवणं सुरू झालं.

आईला आत्या म्हणायचं. आत्याच्या नवऱ्याला मामा. बाबा इस्लापूरला.

तीन वर्षांचं लेकरू ते. "बाबा" म्हणत धावत यायचं, की सरूबाई, तिची आई, आतून ओरडायच्या, "मामा म्हण, मामा!"

मी जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. पोर आधी अडखळतं. मग ताल सापडतो. मग एका सकाळी ती ओळ त्याचीच होऊन बसते, जणू आईच्या पोटातून घेऊन आलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख तेच.

भिंतीपलीकडून तीच उजळणी ऐकू यायची. सुख वाटत नव्हतं.

छाननीच्या दिवशी विरोधकांनी हरकत घेतली. तिसरं मूल आहे म्हणाले. जन्माची नोंद लांब इस्लापूरला, हातात पुरावा कुणाकडंच नव्हता. ज्ञानोबा उभा राहून म्हणाला, पोरगी माझी. अर्ज मंजूर!

त्याच संध्याकाळी पारावर विरोधी गटातल्या एकानं मुक्तापुढं बिस्किटाचा पुडा धरला. दिगंबर शेजारीच बसलेला.

"कोण गं हे?"

"मामा."

"आन् तुजा बाबा?"

"इस्लापूरला."

"आरं बाप! ही तर वकील होणार!"

सगळा पार हसला. सगळ्यात मोठ्यानं दिगंबर.

दुसरा दिवस अर्ज मागे घेण्याचा, शेवटचा. सकाळी मी त्याच्या अंगणात प्रचाराच्या पत्रकासाठी यमकं जुळवत बसलो होतो. सरूबाई शेतात. मुक्ताला कणकण होती, बाजेवर झोपली होती. आम्ही तिघंच. चौथं माणूस नाही.

झोपेतच ती म्हणाली, "मामा, पाणी."

दिगंबरनं तांब्या आणला. पाणी पाजलं. तोंड पुसलं.

"मुक्ते, बाबा म्हण की गं. कुणीच न्हाई हितं."

तिनं डोळे किलकिले केले. त्याच्याकडं बघितलं.

"बाबा इस्लापूरला हाय."

आणि कूस बदलून झोपली.

मी कागद खाली ठेवला. दिगंबर तांब्या हातात धरून तसाच उभा होता. मग शेजारणीला हाक मारून लेकीजवळ बसवलं आणि म्हणाला, "गुर्जी, बसा गाडीवर. अहमदपूरला जायचंय."

तहसीलमधल्या साहेबांनी विचारलं, "अहो, तुमचा तर मंजूर झालाय! का मागे घेताय?"

"न्हाई जमत, सायब."

परत येताना म्हणाला, "कुणाला सांगू नका. पोरगी मोठी हून ऐकल. तिला वाटंल, माझ्यापायी झालं."

गावानं आपला अर्थ लावला. किती घेतले रे? लग्नात, हॉटेलात, मयतीच्या बैठकीतसुद्धा. तो उत्तर देत नसे. हळूहळू त्याला बैठकीला बोलावणं बंद झालं. मग माझा ओटा आणि तो.

मतदानाला मात्र पहिल्या रांगेत. "उभं राहायला बंदी हाय गुर्जी, मत द्यायला न्हाई ना?"

मुक्ता त्याला परत बाबा म्हणायला लागेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला. पाठ केलेलं लवकर पुसत नाही. मास्तर म्हणून सांगतो.

सरूबाई काही वर्षांमागंच वारल्या. मुक्ता आता लातूरला नोकरीला असते. आज सगळं आटोपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, लोक म्हणतात बाबांनी पैसे खाल्ले. दादा म्हणतो, तुझ्यापायी सोडलं. खरं काय?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता. आणि म्हणालो, "तुझ्यापायी नव्हे बाई. त्याला सोसलं नाही, म्हणून."



"मला ह्यातलं काहीच आठवत नाही, काका." आणि मग, "तुम्ही मोबाइलवर लिहिता ना? हे लिहा. गावाला वाचू द्या."

म्हणजे ती सकाळ आठवणारा आता मी एकटाच उरलो. आणि माझा तरी काय भरवसा?

म्हणून लिहिलं. गावकऱ्यांनो, त्यानं कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

दिगंबर, तुझ्या लेकीनं सांगितलं म्हणून बोललो. रागावू नको.

या म्हाताऱ्या गुर्जीचा तुला डोळे भरून रामराम.