झुलत्या पुलाचा पलीकडचा काठ

सरांनी ते चित्र चादरीत गुंडाळून आणलं होतं. गुलमंडीजवळ तसबिरी मढवण्याचं आमचं दुकान आहे. वडील आणि मी, आम्ही दोघंच ते चालवतो. सर कन्नड गावचे, पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. चित्र राणी व्हिक्टोरियाच्या काळात छापलेलं होतं. विलायतेतल्या कुठल्याशा शहरातली नदी, तिच्यावर साखळदंडांनी तोललेला झुलता पूल. पण मागं खळीनं चिकटवलेल्या पुठ्ठ्याला ओल लागून उजवा अर्धा भाग तपकिरी पडला होता. पूल एका मनोऱ्यापासून निघून थेट त्या डागात शिरायचा. चित्र हाती आलं तेव्हापासून असंच होतं; पलीकडचा काठ सरांनी स्वतःही कधी पाहिला नव्हता.

दोन दुकानांनी त्यांना परत पाठवलं होतं. वडिलांनीही मला बाजूला घेतलं. "नाय म्हणून टाक. फाटलं तर दुसरं कुठून आणायचं?"

जुने कागद सांभाळायचं थोडं शिक्षण मी घेतलं होतं. त्यानंतर दोन वर्षं रद्दीतल्या चित्रांवर हात बसवत होते. मी सरांना सांगितलं, धोका आहे, पण मी करून बघते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

आधी ओल्या कापसानं एक कोपरा टिपून पाहिला. शाई हलली नाही. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात चित्र सोडलं. चित्र पुठ्ठ्यावरून ओढायचं नसतं. ते पालथं ठेवून पुठ्ठाच त्याच्या पाठीवरून पापुद्र्या-पापुद्र्यानं उतरवायचा असतो. दुपारी एका जागी कागदाचा धागा उचलला गेला. मी थांबले, तिथली खळ आणखी भिजू दिली, तासाभरानं पुन्हा सुरुवात केली.

पाणी चहासारखं झालं. चार वेळा बदललं. शेवटी चित्र सुलटं केलं आणि मी वडिलांना हाक मारली. दुसरा मनोरा उभा होता. खाली पायऱ्या, छत्री घेतलेली एक बाई, काठावर वाळत घातलेले कपडे. वडील चष्मा पुसून पुन्हा वाकले.

टिपकागदात वाळवून, काचेत मढवून चौथ्या दिवशी सरांना बोलावलं. त्यांनी काचेवरून न टेकवता बोट फिरवलं, साखळीबरोबर पुलावरून, मनोऱ्यावरून, थेट पलीकडच्या खडकापर्यंत.

"तीस वर्षं हे चित्र दाखवून पोरांना विचारत आलो, साखळी शेवटी कुठं रोवलीय," ते म्हणाले. "आज माझ्या डोळ्यांनी पाहिली."

हे सगळं एकटीनं केलंस का, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "एकट्या माझ्या लेकीनं. मी तर नको म्हणत व्हतो."

सर रिक्षात बसून गेले तेव्हा मी पायरीवर उभी होते आणि हसू काही आवरत नव्हतं. आता वेरूळपासूनची माणसं जुने कागद घेऊन येतात. वडील त्यांना सरळ माझ्या टेबलाकडं पाठवतात.