भाडेकरूसकट विकलेलं घर

माझी नणंद किनुए जपानातल्या आमच्या मोजी बंदरात घरांची दलाली करते. जीभ तिखट, पण कुणाला तोंडावर स्पष्ट सांगायची वेळ आली की हिची बोबडी वळते. आमच्याकडे सगळेच मेले तसले. हिला एकटीला काय बोलायचं?

स्टेशनमागच्या जुनाट इमारतीतला एक फ्लॅट तिने तैवानच्या ल्याओसाहेबांना विकला, आत राहणाऱ्या उराकावांसकट. बायको गेल्यापासून म्हातारा एकटाच, पण भाडं चोख. साहेबांनी घर घेतलं तेच मुळी त्या भाड्यासाठी. "त्यांना हलवू नका हं," असं फोनवर बजावलंही होतं.

मालक बदलला हे सांगायला किनुए गेली. अशा वेळी भेट म्हणून एखादा टॉवेल नेला तरी पुरतो. पण बाईसाहेबांना सौदा झाल्याचा आनंद! नावाजलेल्या दुकानातली मिठाईची भलीमोठी पेटी पुढे करून दारात कमरेत वाकली. तसली पेटी आमच्याकडे माफी मागताना नेतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"नव्या मालकांना माझी अडचण होत असेल," उराकावा म्हणाले.

"छे, तसं काही..." एवढंच बोलून ही हसली. 'तुम्ही राहा' म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटलं. म्हणजे जायचा विषय आपणच काढल्यासारखं!

महिना संपायच्या आत उराकावांनी घर लख्ख पुसलं आणि किनुए कचेरीत नसताना किल्ली ठेवून गेले.

"वहिनी, मी घालवलं गं त्यांना," माझ्या स्वयंपाकघरात बसून ती ढसाढसा रडली. "या वयात कोण देणार त्यांना घर? दोन शब्द जड झाले मला!"

"मग इथे काय रडतेस? जा, आण परत!" मी ओरडलेच.

उराकावा त्यांच्या पुतण्याच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत सापडले. आम्ही दोघी गेलो. किनुएने डोकं टेकवलं, आणि या वेळी एकही शब्द गिळला नाही. "मालकांना तुम्हीच हवे आहात. घर तसंच रिकामं आहे. चूक माझी झाली, परत चला."

उराकावांनी तिच्याहून खाली डोकं टेकवलं. "तुम्हाला असं म्हणावंच लागतं, कळतं हो मला. मीच आधी निघायला हवं होतं. तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं."

"अहो, खरंच सांगतेय! देवाशपथ!" किनुए किंचाळली.

"किती चांगल्या हो तुम्ही," म्हातारा म्हणाला, आणि आम्हाला दारापर्यंत पोचवायला उठला.