अप्पारावांचा सपत्नीक सत्कार

पुंडलिकनगरातले अप्पाराव म्हणजे अट्टल नाटकवेडा माणूस. चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली, पण गावात ओळख राहिली ती नाटकातल्या नवऱ्याची. नाटक जुनं, सामाजिक. शेवटच्या अंकात बायको किल्ल्यांचा जुडगा नवऱ्यापुढं ठेवते, उंबरा ओलांडून निघून जाते आणि तो रिकाम्या दाराकडं बघत म्हणतो, "तुझं म्हणणं मी कधी ऐकूनच घेतलं नाही." या वाक्याला बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. साठी उलटली तरी अप्पाराव केसांना कलप फासून नवराच व्हायचे. बायकोचं काम करणाऱ्या मुली तेवढ्या बदलत गेल्या. आताची यास्मिन बँकेत नोकरीला होती. बाईला स्वतःचं मत असतं, ते तिनं मान वर करून मांडावं, हे तिला ते तालमीत पोटतिडकीनं समजावायचे.

त्यांची खरी बायको मालनबाई. तालमीचा चहा आणि पोह्यांचा डबा त्यांच्या हातचा, नाटकातल्या साड्या त्यांच्या कपाटातल्या. पण त्यांना नाटकाला न्यायचं काही अप्पारावांना सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यंदा नाट्यमंडळानं अप्पारावांचा सत्कार ठरवला, तोही सपत्नीक. मग न्यावंच लागलं. मालनबाई औरंगपुऱ्यात जाऊन नव्या बांगड्या भरून आल्या. रविवारी दुपारच्या प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

प्रयोग रंगला. लगेच सत्कार झाला. अप्पारावांना शाल, मालनबाईंची ओटी. निवेदन करणाऱ्या मुलीनं सहज म्हणून माईक मालनबाईंपुढं धरला आणि नाटक कसं वाटलं ते विचारलं. मालनबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला. त्यांना बोलायचं होतं. अप्पारावांना मात्र वाटलं, ही भरल्या सभेत काहीतरी गावंढळ बोलून बसणार. त्यांनी हसत हसत माईक आपल्याकडं ओढला.

"तिला काय कळतंय नाटकातलं. तिच्या वतीनं मीच सांगतो, तिला लई आवडलं."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. मालनबाई ओटीतल्या नारळाकडं बघत राहिल्या. शेजारी उभी असलेली यास्मिन तेवढी हसली नाही. शेवटच्या अंकात दाराबाहेर पडण्याआधी ती नवऱ्याकडं बघायची, तशीच आता बघत होती, आणि आता ती काम करत नव्हती. अप्पारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माईक परत मालनबाईंपुढं केला, पण निवेदन करणारी मुलगी तो घेऊन पुढच्या सत्काराकडं वळली.

घरी आल्यावर मालनबाईंनी नारळ देवापुढं ठेवला आणि कुकर लावायला घेतला. अप्पाराव तोंडावरचा रंग न पुसताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. तुला काय बोलायचं होतं, त्यांनी विचारलं.

"बोलायचं नव्हतं, इचारायचं व्हतं," मालनबाई म्हणाल्या. "ती बाई भाईर पडल्यावर गेली कुठं?"

इतकी वर्षं अप्पाराव त्या दाराकडं बघत उभे राहिले, पण पलीकडं फक्त विंग होती. तिथं यास्मिन पाणी पीत थांबायची.

"सत्यम पोटात व्हता तवा मी बी निघाले व्हते," मालनबाई तांदूळ धुता धुता सांगू लागल्या. "स्टँडवर गेले, गाड्यांच्या पाट्या वाचत बसले. कुठं जावं तेच कळंना, मग आले माघारी. तुमी तालमीहून आले आन् म्हणले, च्या टाक."

अप्पारावांनी तो दिवस आठवायचा खूप प्रयत्न केला. आठवला नाही. त्यांच्या लेखी तो इतर दिवसांसारखाच एक दिवस होता. नाटकातलं ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणायची त्यांना लाज वाटली.