पाण्यातलं जस्त

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एखाद्या लॅबमध्ये पाच वर्षं काढा आणि राग गिळत राहा. गिळलेल्या रागाचे आपोआप किस्से होतात. हे दिल्लीतल्या आमच्या लॅबचे.

*

मी पुण्याची, राहायला मुनिरकात, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण आंटींनी एकदा विचारलं, "बेटा, तू करती क्या है?"

मी सांगितलं, मेंदूतल्या काही पेशींचं काम इतर पेशींना गप्प बसवणं. त्यांनाही ब्रेक असतो. गाबा नावाचं रसायन त्यांच्या रिसेप्टरवर बसलं की त्या शांत होतात. मध्ये जस्त आलं की ब्रेक ढिला पडतो. किती ढिला, ते मी मोजते.

आंटी भेंडी चिरत म्हणाल्या, "तो अपने सर को जस्ता कम खिला. फोन पे रोज़ चिल्लाता है."

*

सर मूळचे नागपूरचे. कौतुक इंग्रजीत, चारचौघांत आणि क्वचित. रागावणं मराठीत, फक्त मला कळेल असं.

गेल्या उन्हाळ्यात माझी मोजणी बिघडली. जस्त घालायच्या आधीच ब्रेक ढिला दिसायचा. उंदराच्या मेंदूचा काप ताजा, काचेची सुई नवी, द्रावण नवं, तरी तेच.

सरांनी ग्राफ बघितला. "हात थरथरतो तुझा. घरचे स्थळं बघतायत ना? बघू दे."

मी बाथरूममध्ये जाऊन दोन्ही हात समोर धरले. हात स्थिर होते. दात तेवढे एकमेकांवर घट्ट आवळले होते.

*

सरांनी माझं मोजणीचं मशीन अंकितला दिलं. अंकित गाझियाबादचा, मला दोन वर्षं ज्युनियर, चांगला मुलगा. आठवडाभर त्याने मोजलं. ब्रेक ढिलाच.

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मशीन पुराना हो गया है, यार."

अंकितने दिवसभर माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

*

शेवटी मी आमच्या टेक्निशियनला, महेंद्रजींना विचारलं, "पानी बदला है क्या?"

"पानी वही है मैडम. टंकी बदली है, होली के बाद."

डिस्टिल्ड पाण्याची जुनी प्लास्टिकची टाकी गेली होती. नवी चकचकीत, पत्र्याची, आतून जस्ताचा मुलामा दिलेली. जस्तावर संशोधन करणारी लॅब, आणि आमचं द्रावण त्या टाकीच्या पाण्यात.

"मंज़ूरी किसने दी?"

महेंद्रजींनी फाइल काढली. सही सरांची होती.

मी द्रावणात जस्त बांधून ठेवणारं रसायन घातलं. ब्रेक पहिल्यासारखा घट्ट. चार दिवस तेच केलं, चारही दिवस तेच आलं. सगळे ग्राफ सरांना मेल केले. उत्तर आलं, "ओके."

*

महिन्याभराने सेमिनार होता. हॉल भरलेला. पडद्यावर माझे ग्राफ, आणि सर इंग्रजीत सांगत होते, "पाण्यातच जस्त आहे, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती."

बाहेरून आलेल्या एक वयस्क प्रोफेसरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "जस्त बांधायला तुम्ही काय वापरलंत? आणि किती?"

सर पडद्याकडे वळले. तिथे ते लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी तिसऱ्या रांगेत मला शोधलं आणि माइकवरच मराठीत म्हणाले, "अगं, सांग ना."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी उठून उभी राहिले आणि प्रोफेसरबाईंना म्हटलं, "मैडम, सर ही बताएँगे."

आणि खाली बसले.