गुडघ्यामागची गाठ आणि अण्णाचा अंगठा

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला वाटतं की त्याच्या अंगठ्याला सगळं कळतं. निपाणीत आमची तंबाखूची वखार आहे. पान अंगठ्याखाली चुरडून तो त्याची ओल, जात, भाव सांगतो आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. तेवढ्या भांडवलावर त्याने माणसांच्या दुखण्यांनाही हात घातला, हे आमच्या घराचं दुर्दैव.

डाव्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आली तेव्हा मी बेळगावातल्या अनगोळहून माहेरी गेले होते. मांडी घालता येत नव्हती, शाळेचा जिना चढताना पाय ओढावा लागायचा. अण्णाने मला पालथं निजवलं आणि अंगठा रोवला.

"हाडाची वाढ हाय. पान बांदू, जिरंल."

मुरगळण्यापासून गळवापर्यंत आमच्याकडे एकच औषध. तंबाखूच्या पानाला एरंडेल लावायचं, ते गरम करायचं आणि आवळून बांधायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी निमूट बांधून घेतलं. अण्णासमोर आमच्या घरात कुणाचंच शिक्षण टिकत नाही.

दुपारी डोकं गरगरायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं आणि मी मोरीत भडाभडा ओकले. तंबाखू कातडीतून अंगात भिनते, हे वखारीत जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं? उलट अंगातलं विष बाहेर पडलं म्हणून तो खूश झाला.

"इख निगालंय बग."

वहिनी माझी पाठ चोळत होती. तिला स्वतःला जुनं पित्त, सदा मळमळ, तरी तिने मला साखरपाणी करून दिलं.

पानाने गाठ जिरली नाही तर रविवारी एकाला बोलावून कापून घ्यायची, असंही अण्णाने परस्पर ठरवलं होतं. तो गृहस्थ बैलांच्या खांद्यावरची गळवं फोडतो. मी पान सोडून उकिरड्यावर टाकलं आणि बेळगाव गाठलं. डॉक्टर कसे चुकतात ते बघायला अण्णाही मागोमाग आला.

डॉक्टरबाईंनी गार जेल लावून गुडघ्यामागे सोनोग्राफीची मूठ फिरवली. पडद्यावर एक काळी पिशवी दिसली.

"हाड नाही, पाणी आहे. सांध्यातलंच, मागे साठलंय."

पिशवीला खेटून काहीतरी धडधडत होतं. अण्णाने अंगठा तिकडे नेला. "ह्ये काय हलतंय?"

"पायाची मोठी रक्तवाहिनी. म्हणूनच बघत बघत सुई घालायची. अंदाजाने कुणी इथे कापलं तर पाय जायचा, कदाचित जीवही."

अण्णाने अंगठा मुठीत दडवला. त्याला तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

जागा बधिर करून त्यांनी सुई घातली. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी सरकत, धडधडीला चुकवून पिशवीत शिरली. पिवळट चिकट पाणी सिरिंजमध्ये आलं आणि पिशवी मिटत गेली. सांध्याची झीज सांभाळा, नाहीतर पुन्हा भरेल, असं त्यांनी बजावलं.

पुढे निपाणीला गेले तर अण्णा ओट्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगत होता, "पानानं मीच पातळ केल्तं. डाक्टरीणबाईनं नुस्तं वडून काडलं." मुठीतला अंगठा पुन्हा बाहेर आला होता. असल्या माणसाशी काय बोलायचं? मी आत गेले आणि स्वयंपाकघरात मांडी घालून बसले.

वहिनी भाकरी थापायची थांबली. माझ्या मांडीकडे बघत राहिली. मग तिने दार लोटलं आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. आत तेलकट पान होतं, चिंधीने आवळून बांधलेलं.

"माझी जिरंना झाल्याय गं. ह्ये म्हनत्यात, इख अजून निगायचंय."

"कधीपासनं बांधतीस?"

"पित्ताचा तरास सुरू झाला न्हवं? त्याच्या जरा आदी."