बाबांची अर्धी पाळी

माझ्या हातून आयुष्यात जे काही बरं झालं, ते सर्वात आधी बालवाडीच्या आत्यामुळे. आणि अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आईबापांना तिच्याइतकं कुणी छळलं नसेल, हेही तितकंच खरं.

देऊळघाटाजवळच्या आमच्या गावात तेव्हा अंगणवाडी नव्हती. निंदणाला जाणाऱ्या बाया लेकरांना शेताच्या बांधावर, धुऱ्यावर झोपवायच्या. सारं गाव जिला आत्या म्हणायचं, तिनं बुद्धविहाराची खोली मागून घेतली, घरोघरची तरटं गोळा केली आणि बालवाडी मांडली. नियम एकच. रोज एका पालकानं पाळीनं येऊन लेकरांत बसायचं आणि त्यांना काहीतरी दाखवायचं. आईची पाळी वेगळी, बापाची वेगळी. "पोरगं काय तिनं एकटीनं आणलं का?" असं ती भर चौकात विचारायची. पाळी चुकवली, की त्या लेकराचं बसकर गुंडाळून घरी! नखंसुद्धा ती लेकरांची नाही, आईबापांची तपासायची. सरपंच तिच्याशी बोलताना हात खिशात घालत. एक ट्रॅक्टरवाले काका तर पाळीला येऊन चक्क झोपले. आत्यानं लेकरांना तोंडावर बोट ठेवायला लावलं आणि म्हणाली, "थकलेल्या माणसापाशी गलका करायचा नाही, हे शिका आज."

माझे बाबा मजुरी करायचे आणि स्वतःच्या लग्नात मांडवाच्या मागच्या रांगेत बसतील इतके लाजाळू. त्यांची पाळी आली, तसे ते ज्वारीत जाऊन लपले. माझं बसकर आता जाणार म्हणून मी रडायला लागलो. आत्यानं खोलीला कुलूप लावलं आणि अख्खी बालवाडी घेऊन शेत गाठलं.

"काऊन रे, लपून राह्यला?"

"आत्या, मले काहीच येत नाही वो."

"मंग पाखरं कोन हाकलते? तुहा बाप?"

बाबांनी खाली मान घालून घसा साफ केला आणि "हाऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळी ठोकली, की थवेच्या थवे उठले. लेकरं वेडी झाली. पुढे वर्षभर आमची बालवाडी याच आरोळीनं सुटायची. माझं बसकर राहिलं, पण आत्याचा निकाल ठरलेला, "शेतातली पाळी अर्धीच. उरलेली खोलीत."

बाबा त्या खोलीत कधीच गेले नाहीत. मी बी.ए. झालो, घरात पेढे वाटले, तेव्हाही पेढा तोंडात धरून ती म्हणाली, "तुह्या बापाची अर्धी पाळी बाकी हाय." बाबा गेले त्या दिवशी मात्र ती त्या ज्वारीच्या धुऱ्यावर जाऊन बसली.

परवा मी तिला पत्र लिहिलं.

"आत्या, जयभीम. मलकापुरात माझ्या पोरीच्या शाळेत पालकांनी फाटकाबाहेरच थांबायचं असतं. मी बाईंच्या मागेच लागलो, तेव्हा कुठे एक तास मिळाला. वर्गात गेलो आणि मले काहीच आठवेना. मग बाबांची आरोळी दिली. मुख्याध्यापक धावत आले. पण पोरांनी पुन्हा मागितली, आणि माझ्या पोरीनं तर माझ्याहून मोठी दिली. आत्या, या वेळी खोलीत दिली. बाबांची पाळी पुरी झाली, एवढं एकदा त्या धुऱ्यावर जाऊन मोठ्यानं सांग. त्यांना ऐकू जाईल असं."