लोळ्याची रूपे आणि माझा साडू

या जगात माणसे म्हणून काही नसतातच, असतात ती एकाच जनावराची निरनिराळी रूपे, असे मनापासून मानणारा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे, आणि माझे नशीब असे की तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रिसोडच्या बाहेर त्याचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर असे तो पिकवतो, चाळिशी ओलांडली आहे, कानावरचे केस पांढरे झाले आहेत, आणि एवढे असूनही त्याचा खरा मुक्काम मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत एका जुन्या टीव्हीसमोर असतो. तिथे तो व्हिडिओ गेम खेळतो. दहा प्रकारचे नाही, एकच, पण त्या एकाचे एकामागून एक चार भाग निघालेले आहेत. पहिला भाग त्याला लग्नाआधी अकोल्याच्या एका दुकानात जुन्या सामानात सापडला, बाकीचे त्याने कुठून कुठून जमवले. त्यातल्या जनावराचे नाव परदेशी लिपीत होते, ते कोणालाच वाचता येईना. ते लोळत चालते म्हणून याने त्याचे नाव लोळ्या ठेवले आणि बारसे उरकले.

लोळ्याचे मूळ रूप म्हणजे मळलेल्या कणकेचा गोळा आणि त्याला दोन डोळे. पण तो जिथे जाईल तसा बदलतो. उन्हात तापला की दगड होतो, मग त्याला कोणी हलवू शकत नाही, मात्र पाण्यात पडला की सरळ तळाला. झऱ्यात शिरला की स्वतःच पाणी होतो आणि दाराच्या फटीतून पलीकडे जातो. दुसऱ्या भागात तो हवा गिळून फुगा होतो आणि उडतो. अंगावर कोणी आले की त्याला काटे येतात. तिसऱ्या भागात आरसा होतो, म्हणजे समोर जो उभा असेल तसाच दिसायला आणि चालायला लागतो. हे मला इतके पाठ कसे, असे कोणी विचारील. मी तो गेम जन्मात खेळलेलो नाही. पण आमच्याकडे सासरच्या कोणत्याही कार्यक्रमात दोन जावयांना शेजारी शेजारी बसवतात, आणि पंगत वाढून होईपर्यंत हा माणूस माझ्या कानाशी दुसरे काही बोलत नाही.

चौथ्या भागाचे नाव मात्र त्याच्यासमोर काढायचे नाही. त्या भागात लोळ्या मोटारगाडी होतो. एरवी माझा साडू मुंगीला वाट देणारा माणूस आहे, पण गाडीचा विषय निघाला की लाल होतो. "जनावर गाडी कसं होईन, तुमीच सांगा भाऊ! दगड झाला, समजलं. पानी झाला, समजलं. गाडीले डिझल कोन टाकते?" एकदा तेराव्याच्या जेवणात त्याने हे इतक्या जोरात विचारले की भटजींनी हातातला द्रोण खाली ठेवला.

रूपे ओळखण्याचे त्याचे काम मात्र पक्के. बँकेतला साहेब दगड. मी त्या साहेबाशी तासभर भांडून बाहेर आलो तेव्हा हा पायरीवर बसून म्हणाला, "दगडाले ढकलू नोका, भाऊ. उतार पाहून थांबा, थो आपोआप येते." माझी बायको पाणी, कारण मी कितीही दारे लावली तरी ती फटीतून आत येऊन हवे ते घेऊन जाते. आणि आमच्या सासूबाई फुगा. एका बारशाला त्या रुसून फुगून कोपऱ्यात बसल्या होत्या, कोणाची जवळ जायची हिंमत नव्हती. हा सगळ्यांदेखत म्हणाला, "आईले हवा भरली हाये, टाचनीवाले दूर राहा." मी डोळेच मिटून घेतले. आणि सासूबाई हसल्या! पोट धरून हसल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली, दर उन्हाळ्यात त्यांना हापूसची पेटी नेऊन देतो मी, पण माझ्या कोणत्याही बोलण्यावर त्या अशा हसलेल्या नाहीत.

हा स्वतः आरसा आहे, हे त्याचेच म्हणणे, आणि व्यवहारात त्याचा निकाल भयंकर लागतो. बाजारात तो वांगी घेऊन बसला की समोरची बाई भाव ऐकून तोंड वाकडे करते, याचे तोंड आपोआप तिच्यासारखे वाकडे होते, आणि मग दोघे मिळून वांगी महाग असल्याचे दुःख करतात. मी बाजूला उभा राहून जळत असतो. "अरे, वांगे तुहे का तिचे?" असे मी एकदा ओरडलो. तो म्हणाला, "भाऊ, बिचारी किती थकली होती, पाह्यलं नाही का?" वीज आली की याची मोटार आणि टीव्ही एकदमच सुरू होतात. मेथीचा एक अख्खा वाफा बुडाला तेव्हा हा आत बसून लोळ्याला पुलावरून नेत होता. मी त्याला चिखलात उभे करून बोललो. तो शांतपणे म्हणाला, "पूल मोडला असता ना."

माझे रूप कोणते, ते सांगायला नको. मी जऊळक्याहून रिसोडच्या बैलबाजारात आलो तो दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरायला. तिथून दलाल झालो, मग ढेप-सरकीचे, म्हणजे गुरांच्या खाद्याचे, दुकान टाकले, घर बांधले. कोणी काही आयते दिले नाही, सगळे भांडून मिळवले. माझा सौदा कधी पडला नाही, असे बाजारात म्हणतात आणि ते खरे आहे. एक सोडून. तो एक सौदा मी या वांगी न विकता येणाऱ्या माणसाच्या हातून हरलो, आणि त्याची खुन्नस माझ्या मनात अजून आहे.

गोष्ट माझ्या मुलीच्या लग्नाची. तिच्या दोन सोयरिकी माझ्यामुळे मोडल्या होत्या. समोरच्याने काही म्हटले की त्याच्या अर्ध्यावर यायचे, ही माझी धंद्याची सवय. एकांनी पाचशे माणसे येतील म्हटले, मी अडीचशे म्हटले. दुसऱ्यांनी मुलगा फार हुशार आहे म्हटले, त्यावर मी जे म्हटले ते सांगत नाही. तिसरे स्थळ अनसिंगचे आले. मुलगा वाशीमला नोकरीला, वडील निवृत्त मास्तर. हा मुलगा माझ्या मुलीला मनापासून आवडला होता. ते तिने आईला सांगितले, आईने बहिणीला, बहिणीने नवऱ्याला, आणि सर्वांत शेवटी मला. बैठकीच्या सकाळी मुलगी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, यावेळी तुमी फक्त च्या प्या."

मी प्यालो. दोन कप प्यालो. सगळे जुळत गेले आणि गाडी एका जागी अडली. मास्तर म्हणाले, "आमच्या घरात लग्न नवरदेवाच्या दारी होते. अनसिंगलाच करू." आता ज्या गावात मी लोकांचे कासरे धरून उन्हात उभा राहिलो, त्या गावात माझ्या दारी मांडव पडावा, एवढी एकच माझी इच्छा होती.   आणि सौदा असा अडला की माझा हात जे वर्षानुवर्षे करत आला तेच त्याने केले. मी खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली, मास्तरांच्या हातावर टाकली आणि खालून त्यांची बोटे धरली.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दस्तीखाली बोटे दाबून बोलतात, म्हणजे कोण किती चढला, कोण किती उतरला, हे लोकांना कळत नाही आणि कोणाचा पाणउतारा होत नाही. मी ते मानाने केले होते. पण मास्तरांनी बैल फक्त फळ्यावर काढलेला. ते ताडकन उठले. "हे काय लावलं? मी इथं बैल पाहाले आलो का?"

मीही उठलो. "मंग ठेवा पोराले घरी बांधून!"

बोलून झाल्यावर मला दारात मुलगी दिसली. हातात पोह्यांचा ट्रे होता. ती रडत नव्हती, ट्रे घेऊन नुसती उभी होती. मला दुसरे काही सुचेना, म्हणून मी आणखी काहीतरी ओरडणार होतो.

तेवढ्यात चिवडा खात बसलेला माझा साडू म्हणाला, "मास्तर, बसा. हे आमच्या भाऊचं काटेरी रूप हाये. यायले राग आला असं लोकाइले वाटते. राग नाही, भेव हाये. पोरगी जाऊन राह्यली ना घरातून."

सगळी बैठक माझ्याकडे पाहू लागली. मुलाचे मामा, माझे चुलतभाऊ, शेजारी, सगळे. मला जमीन दुभंगली तर बरे असे झाले. आणि तो मुलगा, जो इतका वेळ मान खाली घालून बसला होता, त्याने एकदम वर पाहिले. "काका, दुसऱ्या भागातलं का हो? काटे आले का जरा दूर उभं राहाचं, मंग पुन्हा गोळा होते, तेच?"

"तूही खेळते?" माझ्या साडूचा चेहरा असा उजळला की जणू त्याचेच लग्न ठरले.

"लहानपनी. चौथा नाही खेळलो. त्याच्यात थो गाडी होते म्हने."

"मास्तर," साडू गंभीरपणे म्हणाला, "पोरगा चांगला हाये."

मास्तर हसले. हसले म्हणजे बसले. मग माझ्या साडूने खाली पडलेली दस्ती उचलली, माझ्या हातावर टाकली आणि आपला हात आत घातला. त्याला बोटांची भाषा येत नाही. त्याने काही दाबले नाही, नुसता माझा हात धरून ठेवला, मळ्यातल्या मातीने खरखरीत झालेल्या हाताने. मग दस्ती बाजूला केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "भाऊ म्हनतात, लग्न अनसिंगले मंजूर."

मी असे काही म्हटले नव्हते! पण दस्ती निघाल्यावर जे जाहीर झाले ते फिरत नाही, हा बाजाराचा नियम. जो फिरवतो त्याच्याशी पुन्हा कोणी सौदा करत नाही. हा नियम त्याला मीच शिकवला होता, एका पंगतीत, लोळ्याची बडबड थांबावी म्हणून. मी त्याच्याकडे पाहिले. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. मी दारात पाहिले. मुलगी ट्रे घेऊन आत येत होती. मी मास्तरांना म्हणालो, "मंजूर."

लग्न अनसिंगला झाले, चांगले झाले. रिसोडचा अर्धा बैलबाजार जीप करून आला होता. पाठवणीच्या वेळी मुलगी पाया पडली आणि मला जे व्हायचे ते झाले. ज्या लोकांशी मी रोज आवाज चढवून बोलतो ते सगळे समोर उभे होते. माझा साडू कुठूनसा आला आणि माझ्यासमोर माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, हात कमरेवर ठेवून, जेवढे रुंद होता येईल तेवढे रुंद होऊन, आणि लोकांना जेवण कसे होते ते विचारत राहिला. मी तोंड पुसून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याबद्दल त्याने आजवर कोणाला एक शब्द सांगितलेला नाही, आणि याच्या पोटात तर काही राहत नाही.

मुलगी आता फोन करते तो आधी त्याला, मग मला. हीही माझी तक्रार आहे. त्याच्यावरचा राग मी सोडलेला नाही आणि तसे मी त्याला सांगितले आहे. तरी तो हल्ली संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसतो. फार बोलत नाही. मागच्या महिन्यात बायको मुलीकडे गेली होती, घरात मी एकटाच होतो, आणि हा दारात हजर. मी खेकसलो, "रोज रोज कायले येतं रे?"

"तुमच्या घरी भाकर चांगली भेटते," तो म्हणाला.

भाकर त्या दिवशी मी केली होती. एका बाजूने करपली होती, दुसऱ्या बाजूने कच्ची होती. त्याने दोन खाल्ल्या.